घरून लावून निघा

सरांना बसवणं हे एक कामच होतं. जबलपूरच्या आमच्या विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात त्यांच्या खोलीत चांगली गादीची खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पिशवी बसायची आणि सर खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत चालत राहायचे. चहा उभ्यानं. पेपर तपासायचे ते कपाटाला टेकून. पीएचडीच्या पहिल्या वर्षी त्यांच्याशी बोलता बोलता मी मान इतकी इकडून तिकडे फिरवली की आईनं एकदा विचारलं, काहून गं, मान धरली का? मी म्हटलं, सरांशी बोलून आली.

कुठंही पोचले की दोन मिनिटांत त्यांचं 'चलो, निघू या' सुरू. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत चपला शोधायला लागत. स्कूटरवर लाल दिव्याला थांबायचं जिवावर यायचं, म्हणून गल्लीबोळांतून घालून न्यायचे. एकदा मला गढ्याला घरी सोडायला निघाले आणि एकाही सिग्नलला न थांबता आम्ही दुप्पट वेळात पोचलो. मी उतरून म्हटलं, सर, ऑटोनं लवकर आली असती. तर म्हणाले, हो, पण थांबत थांबत आली असती.

नेपियर टाउनमध्ये दातांच्या एका दवाखान्याच्या वर त्यांचं घर. शेजारी कोचिंग क्लास, खाली कायम स्कूटरींची गर्दी. दाराच्या मागं एक निळी बॅग भरलेलीच असायची. काकू, म्हणजे सरांची बायको, संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या, अगदी शांत बाई. त्या म्हणायच्या, "ह्यांचे पाय घरात नाहीत अन्‌ जीव घराबाहेर नाही. मी काय करू बापा?"

पाय घरात नाहीत हे तर कोणालाही दिसत होतं. सरांचा विषय गवत, आणि गवतावर काम करणारी माणसं कमी, त्यामुळे कुठल्याही विद्यापीठात गवतावर कोणी प्रबंध लिहिला की तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून सरांनाच बोलावणं यायचं. सर एकाही बोलावण्याला नाही म्हणत नसत. परत आले की खिशात त्या त्या गावच्या गवताच्या काड्या असायच्या, आणि काकू कपडे धुवायच्या आधी त्या काढून तुळशीच्या कुंडीत खोचून ठेवायच्या. त्या कुंडीत तुळस किती आणि अमरावती किती हे सांगणं कठीण होतं.

जीव घराबाहेर नाही, हे मात्र मला कळायला फार वेळ लागला.

दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरलं की सरांचा पहिला उद्योग ठरलेला. पाणी नाही, चहा नाही, यजमानांना नमस्कारसुद्धा नंतर. खिशातून फोन काढायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, फोन नाकाजवळ धरायचा आणि वायफाय लागतं का ते बघायचं. लागलं की चेहरा असा खुलायचा की बघणाऱ्याला वाटावं, नातवंडाचा फोटो आला. मग म्हणायचे, "घरून हो म्हणाले." आणि मग पाणी मागायचे.

हे घरून हो म्हणणं काय ते सांगते. देशातली, परदेशातलीसुद्धा, बरीच विद्यापीठं एका सामायिक वायफायमध्ये सामील असतात. त्याचं नाव सगळीकडे एकच. आपल्या विद्यापीठात ज्या नावानं आणि ज्या पासवर्डनं ते लावलं, त्याच नावानं ते दुसऱ्यांच्या आवारातही आपोआप लागतं. तिथं कोणाच्या हातापाया पडायला नको. सर हे सगळ्यांना स्थळाच्या चौकशीसारखं समजावून सांगायचे. आपण परक्या गावात गेलो की तिथलं यंत्र आपली परीक्षा घेत नाही. ते आपल्या घरी बंद पाकिटातून निरोप पाठवतं, की असा असा माणूस दारात आलाय, तुमचा आहे का? घरून हो आलं की दार उघडतं. "अन्‌ पाकीट ते लोक उघडून पाहत नाहीत बरं," हे सर दरवेळी बोट वर करून सांगायचे. "पासवर्ड फक्त घरालाच कळतो."

खरं बघितलं तर याची गरज कोणाला होती? आजकाल फोनमध्ये नेट म्हणजे मुरमुऱ्याच्या भावात. आम्ही पोरंपोरी सरांच्या मागं हसायचो. पण सरांना नेट नकोच होतं. एकदा वायफाय लागलं की फोन खिशात जायचा तो संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. त्यांना फक्त ते हो पाहिजे होतं.

आमच्या विद्यापीठात हे आणलं तेही सरांनीच. कॉम्प्युटर सेंटरचे दुबेजी आणि सर, दोघं मिळून या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरले. एका बड्या साहेबांनी विचारलं, हमारे लोग बाहर जाते ही कितने हैं? सर म्हणाले, "जाते तो हैं साहब, बस वहाँ जाकर दरवाज़े पर खड़े रहते हैं।" त्या साहेबांनी सही केली. हा किस्सा सरांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवला की शेवटी त्यांनी तोंड उघडलं की आम्हीच साहेबांचा आवाज काढायचो.

मग नियम करायची वेळ आली. दुबेजी मऊ माणूस. त्यांचं म्हणणं, नोकरी संपली, शिक्षण संपलं, तरी माणसाचं खातं थोडे दिवस राहू द्यावं. सर अडून बसले, म्हणजे अडून उभे राहिले. संबंध संपला त्याच दिवशी खातं बंद. आम्हाला हे सांगताना त्यांचा सूर असा की जणू यात वाद घालण्यासारखं काही नाहीच. "घराला विचारलं तर घरानं खरं सांगायचं. जो आपला राहिला नाही त्याला आपला म्हणायचं नाही. एकदा का घर खोटं बोललं, तर उद्या त्याला कोणी काहून विचारेल?" दुबेजींनी मान डोलावली आणि तसा नियम झाला.

पासवर्डच्या बाबतीत तर विचारूच नका. एकदा बाहेरगावचे एक परीक्षक आमच्याकडे आले. बिचाऱ्यांना गाडी लेट आहे का एवढंच बघायचं होतं, आणि त्यांच्या फोनला रेंज नव्हती. त्यांनी सहज सरांना म्हटलं, आपका पासवर्ड डाल दीजिए ना. सरांनी कोणी ताटातला घास मागावा तसं त्यांच्याकडे बघितलं. मग त्या परीक्षकांचं विद्यापीठही या व्यवस्थेत आहे हे त्यांनी शोधून काढलं, स्वतःच्या फोनवरून तिथल्या कॉम्प्युटर विभागाला फोन लावून दिला, आणि परीक्षकांना त्यांचा विसरलेला पासवर्ड नव्यानं मिळेपर्यंत त्यांच्याभोवती फेऱ्या मारत राहिले. तेवढ्यात गाडी सुटली. परीक्षक रात्री सरांकडेच मुक्कामाला राहिले, आणि काकूंनी त्यांना पिठलं-भाकरी खायला घातली. सर मात्र खुशीत होते. म्हणत होते, आता हा माणूस कुठंही जावो, स्वतःच्या नावानं जाईल.

कोणी बाहेरगावी निघालं की सर विभागाच्या पायऱ्यांपर्यंत मागोमाग यायचे आणि बजावायचे, "घरून लावून निघा." म्हणजे वायफाय इथंच नीट लावून, तपासून निघा, तिथं गेल्यावर लागलं नाही तर तिथला माणूस काही करू शकत नाही. आम्ही हो हो म्हणायचो. आईनं डबा घेतला का विचारल्यावर जसं हो म्हणतो तसं.

माझी फजिती पुण्यात झाली. तिथल्या एका विद्यापीठात परिषद होती, माझा पहिलाच निबंध. गवताचे सगळे फोटो मी इथल्या विभागाच्या कॉम्प्युटरवर ठेवले होते, तिथून उघडून दाखवीन म्हणून. दोन वर्षं माझ्या फोनला, लॅपटॉपला इथं वायफाय बिनतक्रार लागत होतं, मग काळजी कसली? पुण्यात हॉल होता तळघरात. मोबाईलची रेंज शून्य. आणि ते वायफाय काही केल्या लागेना. माझी पाळी चार जणांनंतर होती. मी नाव टाकून राहिली, पासवर्ड टाकून राहिली, पुन्हा नाव टाकून राहिली. तिथल्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, मॅडम, तुमचं विद्यापीठ नसेल यात. मला असा राग आला की सांगता सोय नाही.

सर हॉलच्या मागच्या बाजूला फेऱ्या मारत होते. आले, माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "नाव सांगितलं. गाव कोण सांगेल?"

चूक एवढीशीच होती. नावापुढं ॲट टाकून आपल्या विद्यापीठाचा पत्ता लिहावा लागतो. आपल्याच आवारात तो नाही लिहिला तरी चालतं, कारण घरात कोणी आपलं गाव विचारत नाही. बाहेर पडलं की मात्र नुसत्या नावाला कोणी ओळखत नाही. निरोप धाडायचा कुठं, हेच त्या यंत्राला कळत नाही. मी ते शेपूट लिहिलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वायफाय लागलं. माझे फोटो उघडले. सर "चलो" म्हणून पुन्हा फेऱ्या मारायला गेले.

जेवताना तिथल्या एक प्राध्यापिका आमच्या टेबलावर आल्या. मराठी ऐकून खूश झाल्या आणि तो प्रश्न आलाच, जो जबलपूरच्या प्रत्येक मराठी माणसाला पुण्यात गेल्यावर हमखास येतो. तुम्ही मूळचे कुठले?

"जबलपूर," सर म्हणाले.

त्या हसल्या. हो, पण मूळ गाव? सर म्हणाले, जबलपूर. त्या बाईंनाही सोडवेना. नाही म्हणजे, त्याआधी? सरांनी हातातली पोळी ताटात ठेवली. "ताई, आमच्या घरचे कितीतरी पिढ्या ग्वारीघाटावर जळले. तिथली राख नर्मदेतून कुठल्या कुठं गेली असेल. आता अजून किती मूळ पाहिजे?" सरांनी ताट उचललं आणि उरलेलं जेवण खिडकीपाशी उभ्यानं जेवले. मला बाईंची थोडी कीव आली, पण खरं सांगते, आतून फार बरं वाटलं. आपल्याला इथं हिंदीवाले मराठी समजतात आणि तिकडं मराठीवाले हिंदी समजतात. कोणीतरी ताट उचलून उत्तर द्यायलाच पाहिजे होतं.

परत येताना गाडीत ते दारापाशी उभे होते. मी विचारलं, सर, एवढं काहून मनाला लावून घेता? तर म्हणाले की, माणसं विचारतात तेव्हा त्यांना आपलं उत्तर पुरत नाही. ते यंत्र बरं. ते आपल्याला विचारतच नाही, सरळ घराला विचारतं, आणि घर हो म्हणालं की तिथं संपलं. इटारसी येईपर्यंत मी यावर विचार केला. मग मला झोप लागली.

सर निवृत्त झाले तेव्हा मी त्याच विभागात शिकवायला लागले होते. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, खव्याची जलेबी झाली. सर पूर्ण वेळ उभेच होते, त्यामुळे त्यांच्या बाजूला बसलेले सगळे बडे लोक अवघडून गेले होते. शेवटी दुबेजी त्यांच्याजवळ आले. डोळे भरलेले. हळूच म्हणाले, "सर, मैं आपका बंद करना भूल जाता हूँ ना। कौन पूछता है?"

"मशीन पूछती है, दुबेजी," सर म्हणाले. "आज ही बंद कीजिए।"

दुसऱ्या दिवशी सर नेहमीच्या वेळेला हजर. विभागाच्या पायऱ्यांपाशी कडुनिंब आहे, आवारात आल्यावर तिथं वायफाय पहिल्यांदा पकडतं. मी वरून पाहिलं, सर त्या झाडाखाली उभे, चष्मा कपाळावर, फोन नाकाजवळ. मी धावत खाली गेले. फोन पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारत होता. सरांनी माझ्यासमोर एकदा टाकला, सावकाश, एकेक अक्षर. नाही लागलं. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर चाललंय. नियम नीट लागू झालाय." आणि चहा न घेता गेले. मला त्यांचा इतका संताप आला. स्वतः नियम करायचा, स्वतःच त्यात सापडायचं, आणि वर शाबासकीही स्वतःच द्यायची.

नागपूरची एक परीक्षा आधीच ठरलेली होती, त्यामुळे त्यांना जावं लागलं. दुपारी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"घरून नाही म्हणून राहिले गं."

मी म्हटलं, सर, तुम्हाला माहीत आहे ना ते बंद झालंय. म्हणाले, माहीत आहे, तरी पाहिलं. तिथल्या लोकांनी पाहुण्यांसाठी चिठ्ठीवर एक नंबर लिहून दिला होता, तो टाकला की नेट मिळतं, पण सरांनी ती चिठ्ठी टेबलावरच ठेवली होती. माझ्या तोंडून निघून गेलं की सर, माझं नाव टाका, मी पासवर्ड सांगते.

सर म्हणाले, "तुझ्या नावानं आत गेलो, तर आत गेला तो कोण?"

मी फोन ठेवला आणि विभागाच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. वायफायसाठी रडणारी जगात मी एकटीच असेन.

मग मी कंबर कसली. कोणाला मानद प्राध्यापक केलं, तर तो पुन्हा विद्यापीठाचा होतो, त्याचं खातं रीतसर उघडतं. यात काही खोटं नव्हतं. सर अजून आमच्या पोरांना गवत ओळखायला शिकवू शकले असते, फुकट शिकवलं असतं. मी विभागाच्या बैठकीत विषय काढला. सगळ्यांनी सरांची भरपूर स्तुती केली. मग एक जण म्हणाले की सर को ज़रूरत क्या है, उनके फ़ोन में डेटा नहीं है क्या? सगळे हसले, प्रेमानंच हसले, आणि आमच्या प्रमुखांनी देखेंगे म्हटलं. आमच्याकडे देखेंगे म्हटलं की विषयावर पाणी सोडायचं असतं. मी पुढच्या बैठकीत पुन्हा काढला, त्याच्या पुढच्याही. शेवटी मी दिसले की लोक दुसऱ्या जिन्यानं जायला लागले.

सरांच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी मलाच झापलं. मी तुला सांगितलं होतं का, माझ्यासाठी दारोदार फिरायला? त्यानंतर त्यांनी बाहेरची सगळी बोलावणी नाकारली. एक दिवस काकूंचा फोन आला. त्या कधी घाबऱ्या झालेल्या मी ऐकल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बाई, त्यांनी ती निळी बॅग रिकामी केली गं. खुंटीला टांगून ठेवली. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत चालून राहिलेत, अन्‌ जात कुठं नाहीत."

मी गेले. सर चालत होते. खालून दवाखान्याच्या यंत्राचा आवाज येत होता, शेजारी क्लासची पोरं सूत्रं घोकत होती, आणि त्यात सर, खिडकी ते दार. मी गवताबद्दल विचारलं, तब्येतीबद्दल विचारलं, त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. चलो एकदाही म्हणाले नाहीत.

पावसाळ्यानंतर केव्हातरी मी पुन्हा गेले, तर खुंटी रिकामी. काकू हसत होत्या. बालाघाटच्या बाजूला एक नवीन, लहानसं विद्यापीठ उघडलं होतं. तिथल्या लोकांनी सरांना विचारलं, आठवड्यातून काही दिवस येऊन शिकवाल का. सरांनी मानधनाचं विचारलं नाही, राहायचं विचारलं नाही. म्हणाले, आधी ते सामायिक वायफाय घ्या, मग येतो. ती माणसं चक्रावली असतील. पण सरांनी दुबेजींना गाठलं, दुबेजींनी सुट्टी काढली, दोघं मिळून तिकडं जाऊन बसले आणि ते काम करून आले. काकू म्हणाल्या, "आता आठवड्याला बॅग भरतात, अन्‌ पुन्हा भांडतातही माझ्याशी. बरं झालं बापा." कुंडीत बालाघाटच्या काड्या आल्या होत्या.

मीही खूश झाले. घरी येताना मात्र डोक्यात काहीतरी खुपत होतं, आणि ते काय, हे मला तेव्हा नीट कळलं नाही.

ते कळलं या हिवाळ्यात. माझी पहिली विद्यार्थिनी जबलपूरजवळच्या पनागरची. तिनं तिकडच्या मटाराच्या शेतांत उगवणाऱ्या गवतावर प्रबंध लिहिला. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक लागतो, दुसऱ्या विद्यापीठाचा. आणि नाव आलं सरांचं. बरोबरच होतं. आता ते दुसऱ्या विद्यापीठाचेच होते.

मी फाटकापाशी उभी राहिले. सर ऑटोतून उतरले, हातात निळी बॅग. रखवालदार अरे सर, अरे सर करत पाया पडला. आम्ही पायऱ्यांपर्यंत आलो आणि कडुनिंबाखाली सर थांबले. मला वाटलं, नको सर, आज नका काढू फोन. पण त्यांनी काढला. चष्मा कपाळावर गेला.

लागलं. लगेच लागलं.

म्हणजे आमच्या यंत्रानं, जे सरांनी स्वतः इथं आणलं, त्यानं बालाघाटला निरोप धाडून विचारलं होतं की दारात एक माणूस आलाय, तुमचा आहे का? आणि बालाघाटनं हो म्हटलं होतं. सर फोनकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा खुलला नाही. घरून हो म्हणाले, असंही म्हणाले नाहीत. फोन खिशात ठेवून त्यांनी झाडाच्या बुंध्याशी वाकून एक काडी उपटली, बोटात फिरवली आणि वरच्या खिशात ठेवली. जे दुसऱ्या गावांत करायचे, ते आज इथं केलं.

वर प्रमुखांच्या खोलीत आमचा नवा सहायक प्राध्यापक होता, इंदूरचा, नुकताच लागलेला, फार नम्र मुलगा. त्यानं पाणी पुढं केलं, खुर्ची पुढं केली. सर उभेच. मग त्यानं अदबीनं विचारलं, "सर, आप कहाँ से हैं?"

आयुष्यभर हा प्रश्न पुरा व्हायच्या आत ज्यांनी जबलपूर म्हणून ठणकावलं, ते सर गप्प राहिले. माझ्याकडे बघितलं नाही, कोणाकडेच बघितलं नाही. खिडकीकडे एक पाऊल टाकलं. पनागरची पोर कोपऱ्यात तिचा प्रबंध छातीशी धरून उभी होती. मग सर म्हणाले, "बाला..."

"जबलपूर," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं गेलं. "ये जबलपुर के हैं। हमारे हैं।"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रमुखांनी चष्मा काढून पुसला. सर वळले आणि मराठीत, जुन्या करड्या आवाजात म्हणाले, "तुला कोणी विचारलं?"

"घराला विचारलं, सर," मी म्हटलं. "अन्‌ घरानं खरं सांगायचं असतं."

सरांनी निळी बॅग भिंतीशी ठेवली, त्या मुलानं पुढं केलेली खुर्ची ओढून घेतली आणि बसले. माझ्या विद्यार्थिनीची पूर्ण परीक्षा त्यांनी बसून घेतली. चहा बसून प्याले, दुसरा मागितला. परीक्षा संपली, सगळे निघाले, तरी ते उठले नाहीत, आणि शेवटी मलाच म्हणावं लागलं, चलो सर, निघू या.